सुट्टी लागते तेव्हा घराला कुलूप असतं



जानेवारीचा पहिला आठवडा आला की बऱ्याच शाळांत फळ्यावर एक विषय हमखास येतो : 'मी नाताळची सुट्टी कशी घालवली'. दिवाळीनंतर येतो तो याचाच मोठा भाऊ. मुलं वह्या काढतात. कोणी गोव्याला गेलेलं असतं, कोणी मामाकडे, कोणी नुसतं घरी बसून मोबाईल बघितलेला असतो. तरी प्रत्येकाकडे लिहायला काहीतरी असतं, असं आपण धरून चालतो.

आज मी तुम्हाला अशा काही मुलांबद्दल सांगणार आहे जी सुट्टीत घरी जाऊच शकत नाहीत. आणि त्यांच्यासोबत सुट्टी काढणाऱ्या एका आजी-आजोबांबद्दल. त्या दोघांकडून मला आठवीसाठी एक चांगला पाठही मिळाला. तो शेवटी देते, म्हणजे तुम्हालाही वर्गात वापरता येईल.

हे आजी-आजोबा आमच्याच कॉलनीतले. काका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे, काकू दवाखान्यात परिचारिका होत्या. मूळचे नगर जिल्ह्यातले, पण नोकरीची सगळी वर्षं नाशिकमध्ये गेली. दोघंही निवृत्त. काकांनी सत्तरी गाठलेली, काकू दोन वर्षांनी लहान. त्यांच्या चर्चच्या मंडळीने विचारलं, "वसतिगृहात दोन वर्षं राहून मुलांकडे बघाल का? पगार नाही. एक खोली आणि दोन वेळचं जेवण." दोघांनी घराला कुलूप लावलं आणि दोन ट्रंका घेऊन गेले. त्यांच्या भाषेत याला 'सेवा' म्हणतात. काका मात्र हसून म्हणायचे, "अहो बाई, रिटायर झाल्यावर बदली झाली!"

मी शनिवारी-रविवारी तिथल्या मुलांना मराठी शिकवायला जायचे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मला सुट्टी होती, म्हणून जवळजवळ रोजच गेले. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे.

आधी वसतिगृहातली मुलं सुट्टीत घरी का जात नाहीत ते सांगते. शहरात राहणाऱ्या आपल्याला हे पटकन लक्षात येत नाही.

ही मुलं पेठ, सुरगाणा, हरसूल या भागातली. घरी थोडी शेती, तीही पावसाच्या भरवशावर. भात आणि नागली निघाली की गावात काम उरत नाही. त्याच सुमाराला दिंडोरी, निफाड आणि नाशिकच्या आसपासच्या द्राक्षबागांत मात्र कामाची घाई असते. ऑक्टोबरात छाटणी, मग फुटवे काढायचे, मणी विरळायचे, आणि जानेवारीपासून काढणी. आई-बाप टोळीने बागेवर जातात. बागेतच ताडपत्रीच्या झोपडीत राहतात. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या गर्दीत उभी असलेली माणसं कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप असतात. म्हणजे डिसेंबरात वसतिगृहाला सुट्टी लागते तेव्हा मुलाच्या गावातल्या घराला कुलूप असतं. आई-बाप बागेत आणि आजी चुलत्यांकडे. मुलाने जायचं कुठे?

त्या वर्षी अशी चौदा मुलं मागे राहिली. नऊ मुलगे, पाच मुली. सगळ्यात लहान पाचवीतला, सगळ्यात मोठी नववीतली.

आता काका-काकूंची बाजू ऐका. त्यांची लेक पुण्यात. नातू तीन वर्षांचा, नाताळ म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदाच कळायला लागलेलं. लेकीने नोव्हेंबरातच फोन करून सांगितलं होतं की या नाताळला तुम्ही दोघं पुण्यालाच यायचं. काकूंनी "बघू" म्हटलं. आईचं 'बघू' म्हणजे काय, हे लेकींना बरोबर कळतं. एका दुपारी मी तिथे असतानाच फोन आला. काकू करंज्यांचं सारण ढवळत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर होता.

लेक म्हणाली, "आई, मी काय परकी आहे का? तुम्हाला दुसऱ्यांची पोरं दिसतात, आमचा दिसत नाही."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "तुझ्याकडं यायचं म्हटलं तर दार उघडायला तू आहेस गं. यांच्या दाराला कुलूप आहे. आम्ही पण कुलूप लावून गेलो तर पोरं कुठं बघतील?"

लेकीने फोन ठेवला. रागात ठेवला की रडत, ते कळलं नाही. काकूंनी गॅस मोठा केला आणि सारण ढवळायला घेतलं. मला वाटतं, सेवा, त्याग हे शब्द आपण निबंधात सहज लिहून टाकतो. पण सेवेची किंमत सेवा करणाऱ्याला जेवढी द्यावी लागते, तेवढीच त्याच्या घरच्यांनाही द्यावी लागते. त्या दिवशी ती किंमत एका तीन वर्षांच्या नातवाने दिली.

त्यानंतरचे दहा दिवस कसे गेले ते सांगते.

काकांनी पहिल्याच दिवशी मुलांना व्हरांड्यात बसवलं आणि विचारलं, "सुट्टीत तुम्ही घरी असता तर काय केलं असतं?" कोणी म्हणालं, उशिरापर्यंत झोपलो असतो. कोणी म्हणालं, खेकडे धरले असते. एक मुलगी म्हणाली, आईच्या मागे मागे फिरले असते. काकांनी सगळं पाठकोऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावलं. खेकडे धरणं शहरात जमणार नव्हतं, पण उशिरापर्यंत झोपायला मिळालं. सकाळची घंटा त्यांनी दहा दिवस वाजवलीच नाही. अभ्यास सकाळी फक्त एक तास. बाकी वेळ काकूंच्या मागे मागे. पाचही मुली आणि दोन-तीन मुलगे करंज्या भरायला बसायचे. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, चकल्या असा सगळा फराळ झाला. आपल्याकडे मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केक असतोच, पण करंजीशिवाय नाताळ होत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी पालकांना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन मुलांनी चांदणी केली. आकाशकंदील करता येणाऱ्याला चांदणी शिकवावी लागत नाही. चोवीस तारखेला रात्री मंडळीतली माणसं गाणी म्हणत आली. ढोलकी, टाळ, पेटी. अभंगाच्या चालीवरची भजनं ऐकून एक मुलगा मला हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या गावच्या सप्त्यासारखं आहे." त्याचं बरोबरच होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणलं ते याचसाठी, की आपल्या माणसांना आपल्या चालीत गाता यावं.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. मुलं आदिवासी, वसतिगृह चर्चचं. मग त्यांना आपल्या धर्मात ओढायचा हा प्रकार नाही का? प्रश्न रास्त आहे आणि पालक म्हणून विचारायलाच हवा. मीही काकांना तो विचारला. त्यांनी उत्तर दिलं ते कृतीतून.

मार्गशीर्ष महिना चालू होता. कोकणा आणि भिल्ल समाजात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत धरणाऱ्यांना 'माऊल्या' म्हणतात. ते पावरीच्या सुरावर नाचत घरोघरी फिरतात आणि पौर्णिमेला डोंगरावर जाऊन उत्सवाची सांगता करतात. त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा आली २६ डिसेंबरला, नाताळच्या बरोबर दुसऱ्या दिवशी. म्हणजे मुलांचा खरा सण हाच होता आणि तोही त्यांचा चुकणार होता. व्हरांड्यातल्या त्या कागदावर एका मुलाने लिहायला लावलं होतं : डोंगरदेवाला गेलो असतो.

सव्वीस तारखेला काकांनी मुलांना सांगितलं, "काल तुम्ही आमचा सण बघितला. आज आम्हाला तुमचा शिकवा." आणि वही-पेन घेऊन स्वतः विद्यार्थ्यासारखे खाली बसले. गुडघे दुखत असतानाही खुर्ची घेतली नाही. पावरी नव्हती. एका मुलाने दोन्ही हात तोंडाशी धरून तिचा आवाज काढला. मुलांनी गोल धरला. पायाचा ठेका चुकला म्हणून सहावीतल्या मुलाने माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या बाईला दोनदा थांबवलं आणि पुन्हा करायला लावलं! काकांनी व्रताचे नियम विचारले, गाण्यातल्या शब्दांचे अर्थ विचारले, सगळं वहीत लिहून घेतलं. काकू दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. रात्री प्रार्थनेला कोणी यायचं आणि कोणी नाही, हे मुलं स्वतः ठरवत. चौदातली पाच-सहा यायची, बाकीची कॅरम खेळायची. काकांचं त्यावर एक वाक्य होतं, "आसरा दिला म्हणून पावती मागायची नसते."

सव्वीसपासून रोज संध्याकाळी काकांनी गोष्ट सुरू केली. इतिहासाचे शिक्षक ते, गप्प थोडेच बसणार! त्यांनी मुलांना विचारलं, "शरणपूर रोड माहीत आहे?" सगळ्यांनी हात वर केले. दुकानं, हॉटेलं, सिग्नल. "मग शरणपूर हे नाव कशावरून पडलं?" एकही हात वर नाही. तुमच्या वर्गातही विचारून बघा.

शरण आलेल्यांचं पूर, म्हणजे आसऱ्याचं गाव. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात नाशिक शहराबाहेर ही वस्ती वसवली. अनाथ मुलांची शाळा, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे कारखाने असं तिचं स्वरूप होतं. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांनी अरबस्तानाकडे विकायला नेत. त्यांत मुलं पुष्कळ असायची. ब्रिटिश आरमाराने अशी गलबतं अडवली की सुटलेल्या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न यायचा. गाव कुठलं ते मुलांना सांगता येत नसे, आणि सांगितलं तरी तिथे परत पाठवणं म्हणजे पुन्हा पकडून देणं. काही मुलं मुंबईत उतरवली गेली आणि तिथून नाशिकला शरणपूरला आली. नाशिककरांनो, आफ्रिकेतली मुलं आपल्या गोदावरीकाठच्या शहरात शाळेत जात होती, सुतारकाम शिकत होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

पाचवीतल्या छोट्याने विचारलं, "त्यांना नाताळला घरी जायला मिळायचं का?"

काका म्हणाले, "नाही रे. त्यांचं घर समुद्रापलीकडं होतं. त्यांचं कुलूप तुझ्या घराच्या कुलपापेक्षा मोठं होतं."

या मुलांपैकी काहींची नावं जगाच्या इतिहासात गेली. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे प्रसिद्ध संशोधक १८६६ मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्यासोबत नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण होते. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख 'नासिक बॉइज' असाच येतो. पुढे त्यांच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही शरणपूरचाच. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्या आफ्रिकी साथीदारांनी त्यांचा देह कित्येक महिने पायी वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. झाडाच्या बुंध्यावर त्यांचं नाव कोरलं ते जेकबने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

मुलं कान देऊन ऐकत होती. नववीतल्या मुलीने एकदम विचारलं, "पण जेकब हे नाव आफ्रिकेतलं आहे का?"

काका थांबले. म्हणाले, "नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना इंग्रजी नावं दिली जायची. ज्यांनी आसरा दिला त्यांनीच नावं बदलली. चांगल्या माणसांच्या हातूनही असं होतं. गोष्ट सांगताना हेही सांगायला हवं." काका स्वतः त्याच मंडळीतले, आणि तरी त्यांनी ही बाजू झाकली नाही. मग त्यांनी मुलांना एक काम दिलं : तुमचं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, आणि घरी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारतात, ते लिहा. त्या रात्री एकेक मजेशीर नाव बाहेर आलं. त्यातली हाक मारायची नावं काकू दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागल्या, ज्यांनी परवानगी दिली फक्त त्यांची.

शेवटची गोष्ट काकांनी १ जानेवारीसाठी राखून ठेवली होती. ती विल्यम जोन्स यांची. हेही शरणपूरला शिकलेले आफ्रिकी. १८६४ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना इथून मोम्बासाजवळच्या रबाई या मिशनच्या ठाण्यावर पाठवलं गेलं. आज ते केनियात येतं. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि नाशिकचेच इश्माएल सेमलर यांना धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाकडे जाताना वाटेत बिशपची हत्या झाली. मागे राहिलेल्या काफिल्याला सांभाळून रबाईला परत आणलं ते जोन्स यांनीच. फेब्रुवारी १८८६ मध्ये ते पोचले तेव्हा पुढच्या निशाणावर 'वैभव गेले' अशा अर्थाचा बायबलातला एकच शब्द लिहिलेला होता.

याच रबाईत आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसरा घ्यायला यायचे. मालक चिडलेले होते, हल्ल्याची भीती होती, आणि पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका असं मिशनचं धोरण होतं. जोन्स यांनी तरी अनेकांना राहू दिलं. ज्याने लहानपणी स्वतः आसरा शोधला होता, तो दारात आलेल्याला परत कसा पाठवणार? १८८८ च्या अखेरीस प्रकरण हातघाईवर आलं. शरणपूर वसवणारे प्राइस तोवर म्हातारे झाले होते, पण त्या वर्षी तिसऱ्यांदा मोम्बासाच्या कामावर आलेले होते. म्हणजे पूर्वी नाशिकला शिक्षक आणि विद्यार्थी असलेले दोघं तिकडे पुन्हा एकत्र! ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांशी बोलणी केली, माणशी भरपाई ठरली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला सुमारे १,४०० माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले. कंपनीला तिथे व्यापार करायचा होता, त्यामुळे तिचा स्वार्थ होताच. तेही काकांनी सांगितलं. पण ज्याच्या हातात दाखला पडला, त्याचं नवं वर्ष खरोखर नवं होतं.

गोष्ट संपल्यावर काका एवढंच म्हणाले, "शरणपूर हे गावाचं नाव आहे, तसंच ते कामाचंही नाव आहे. ते काम इथून रबाईला गेलं. आता इथं कोण करणार, ते तुम्ही मोठे झालात की बघा."

काकूंची गोष्ट वेगळी. त्यांच्या उशाशी 'स्मृतिचित्रे' असायचं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि १९३६ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही नाशिकमध्येच. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून काही वर्षं त्या त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला संसार मांडला तो परक्यांच्या पोरांनी भरलेला. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहिले होते. मी काकूंना विचारलं, हे पुस्तक इतक्या वेळा का वाचता? त्या म्हणाल्या, "ती बाई चिडते, रडते, नवऱ्याला बोलते, आणि तरी पोरांना जेवायला वाढते. मला संत नको वाचायला. मला अशी वाचायला बरी वाटते."

हे त्या का म्हणाल्या ते मला पंचवीस तारखेच्या संध्याकाळी कळलं होतं. दिवसभर हसून वाढत होत्या. सगळं आवरल्यावर व्हिडिओ कॉल लागला. नातू नवा सदरा घालून आला आणि पहिलंच विचारलं, "आजी, तू कुठे आहेस?" काकूंनी फोन काकांच्या हातात दिला आणि न्हाणीघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दारात पाचवीतला छोटा उभा होता. त्याच्या हातात एक करंजी होती. "आजी, तुम्ही खाल्ली नाही," एवढंच म्हणाला.

लेक त्या नाताळला आली नाही. जानेवारीत एका रविवारी मात्र नवरा आणि मुलाला घेऊन आली. फार बोलली नाही. जाताना चौदा जोड मोजे देऊन गेली. थंडी पुष्कळ होती तेव्हा नाशिकला.

सुट्टी संपल्यावर मी या मुलांना लिहायला सांगितलं. विषय दिला : 'आमच्या घराची किल्ली'. सातवीतल्या मुलीने लिहिलं की किल्ली शेजारच्या म्हातारीकडे असते, ती कधीकधी दार उघडून आत दिवा लावते, म्हणजे घर एकटं राहत नाही. एकाने लिहिलं, आमच्या दाराला कुलूप नाही, दोरी बांधतो, कारण आत चोरायला काही नाही. 'मी सुट्टी कशी घालवली' या विषयावर हीच मुलं चार ओळींच्या पुढे जात नाहीत. इथे त्यांनी दीड-दीड पान लिहिलं.

शिक्षकांनो, पाठ कसा घ्यायचा ते थोडक्यात सांगते. दोन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत फळ्यावर नाशिक, मुंबई, झांझिबार, मोम्बासा अशी चार ठिकाणं नकाशात दाखवा. शरणपूर रोड या नावावरून सुरुवात करा. मग १८६४, १८७४, १८८५ आणि १८८९ या चार सालांची साखळी करा आणि प्रत्येक सालाला एक माणूस जोडा. नावं बदलण्याचा मुद्दा मुलांकडून येऊ द्या. तो बहुतेक वेळा येतोच. आला नाही तर "जेकब हे नाव कुठलं?" एवढंच विचारा.

दुसऱ्या तासिकेत लेखन. 'माझं नाव कोणी ठेवलं', 'आमच्या घराची किल्ली' किंवा 'आमच्याकडे डिसेंबरात काय काय चालतं' यांपैकी एक विषय मुलांनी निवडावा. या विषयांवर लिहायला सहल झालेली असावी लागत नाही. ज्याला मोठ्याने वाचायचं नाही त्याला आग्रह करू नका.

सुट्टी लागण्याआधी आणखी एक काम करता येईल. वर्गातलं कोणतं मूल सुट्टीत कुठे असणार आहे, याची नोंद आपल्या डायरीत करा. सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, येता-जाता विचारा. आठ-दहा दिवस ज्याच्या घरी मोठं माणूस नसणार, ते मूल तुम्हाला सापडेल. द्राक्षाच्या आणि उसाच्या हंगामात तर नक्कीच सापडेल.

पालकहो, तुमच्यासाठीही थोडं आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात असं कोणी असेल तर एक दिवस त्याला घरी जेवायला बोलवा. आधी त्याच्या पालकांना किंवा वसतिगृहाच्या गृहपालांना विचारा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्याच्या घरी या दिवसांत काय करतात तेही विचारा, आणि त्याने सांगितलं तर ऐका.

काका-काकूंची दोन वर्षं २०२४ च्या उन्हाळ्यात संपली. आता ते पुण्याला लेकीजवळ असतात. त्यांच्या खोलीत सध्या दुसरं एक निवृत्त जोडपं राहायला आलं आहे. काका जाताना डोंगरदेवाची ती वही त्यांच्या हाती देऊन गेले आणि पहिल्या पानावर लिहिलं : मार्गशीर्ष पौर्णिमा दर वर्षी पंचांगात बघून घेणे.